पाहा त्या बोटाकडे

मेकअपवाल्या मुलीनं उन्मेष परातेंच्या कपाळावर पुन्हा पावडर थापली आणि पुन्हा ती घामात उतरली. एसी चालू होता, खोली चांगली गार होती, तरी घाम थांबायचं नाव घेत नव्हता. शेवटी तिनं टिश्यूचा डबाच त्यांच्या मांडीवर ठेवला आणि ती निघून गेली. आरशाशेजारच्या स्टुलावर ऋतुजा बसली होती. बाबांना असा घाम फुटलेला तिनं कधी पाहिला नव्हता. भर मे महिन्यात, पत्र्याच्या मांडवात बसून दिवसभर कबड्डीचं धावतं वर्णन करणारा हा माणूस, आणि आज एक कागद वाचायचा तर ही अवस्था.

कागद घेऊन वेदिका आत आली. नागपूरच्या सदर भागातल्या या टीव्ही वाहिनीच्या कचेरीत खेळांचे कार्यक्रम तीच बघायची.

"सर, एवढंच वाचायचं. 'माझ्या बोलण्यामुळे कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर मी दिलगीर आहे.' पुढंमागं काही जोडू नका, प्लीज. वकिलांनी पाहून दिलंय."

"'तिकडच्या' म्हणालो ते चुकलं. ते मी कबूल करतो," उन्मेषराव म्हणाले. "पण टच नव्हता. कोणी विचारलं तर मी तेच सांगणार."

"विचारणार नाही कोणी. मुलाखत भूपेश घेणार, त्याला बजावून ठेवलंय. रोशनी रामटेके पण आली आहे. शेजारी बसा, हात मिळवा, विषय संपला."

विषय संपला, हे वेदिका इतक्या सहज म्हणाली की ऋतुजाला तिचा हेवा वाटला.

विषय सगळ्या विदर्भाला तोंडपाठ होता. महिला कबड्डी लीगचा अंतिम सामना, नागपूर विरुद्ध उमरेड. नागपूर एका गुणानं पुढं आणि शेवटची चढाई उमरेडची. चढाईला आली ती कुहीजवळच्या खेड्यातली रोशनी. नागपूरच्या कोपऱ्यावर ऋतुजा होती. तिनं रोशनीच्या घोट्यावर झेप टाकली, झेप हुकली, रोशनी मागं फिरली आणि आपल्या बाजूला पोचताच तिनं ऋतुजाकडं बोट दाखवलं. हिला माझा हात लागलाय, ही बाद. कबड्डीत अंगाला सोडा, अंगावरच्या कपड्याला हात लागला तरी गडी बाद होतो. पण पंचांना काही दिसलं नव्हतं. रोशनी त्यांच्याशी भांडली, रडली आणि कोणाशी हात न मिळवता मैदानाबाहेर निघून गेली. करंडक नागपूरचा झाला.

आणि टीव्हीवर उन्मेष परातेंचा आवाज घराघरात सांगत होता, "पाहा, पाहा त्या बोटाकडे! हात रिकामा आला की बोट दाखवायचं. तिकडच्या पोरींना हेच शिकवतात."

तिकडच्या म्हणजे कुठल्या, गावच्या की जातीच्या, असा प्रश्न दुसऱ्याच दिवशी कुहीत निघालेल्या मोर्चानं विचारला. प्रश्न साधा होता. उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून ते कोणी मोठ्यानं देत नव्हतं. बाप बोलला, लेक जिंकली, असे विनोद मोबाइलवर फिरले. सक्करदऱ्यातल्या परातेंच्या घराच्या फाटकावर कोणी तरी काळं ऑइल ओतलं. वाहिनीनं उन्मेषरावांना घरी बसवलं. गोळीबार चौकात, हातमागांच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलायला शिकलेल्या या कोष्ट्याच्या पोराचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा बंद झाला. तरी जो फोन येईल त्याला ते एकच सांगायचे, "मले काय शिव्या द्यायच्या त्या द्या. माही पोरगी खोटं खेळत नाही."

हे वाक्य आतल्या खोलीत ऋतुजाला ऐकू यायचं आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कारण हात लागला होता. हे जगात दोघींनाच माहीत होतं, एक रोशनीला आणि एक तिला. महिनाभर ती रोज ठरवायची की आज बाबांना सांगू, आणि फाटक घासून घासून पुसणारा बाप दिसला की ती आल्या पावली मागं फिरायची.

पण आता थांबायला जागा उरली नव्हती. राष्ट्रीय शिबिराच्या यादीत ऋतुजाचं नाव होतं आणि पंचांशी बेशिस्त वागली म्हणून रोशनीचं कापलं होतं. ओरड झाली म्हणून निवड समिती उद्या सकाळी पुन्हा बसणार होती. रोशनी उगाच भांडली की हक्कानं भांडली, एवढ्यावरच सगळं अडलं होतं.

"मी तोंड धुऊन येते," म्हणत ऋतुजा उठली.

बाहेरच्या बाकावर रोशनी बसली होती. अंगात इस्त्रीचा पांढरा कुडता, पायात मात्र खेळायचेच बूट. शेजारी तिची आत्या बायजाबाई, पदर नीट खांद्यावर घेऊन, कचेरीतला एकेक माणूस न्याहाळत होती. ऋतुजाला पुढंही जाता येईना आणि मागंही फिरता येईना.

"हेच का वं त्याहिची पोरगी?" बायजाबाईनं विचारलं.

"हो, आत्या."

"दिसते त चांगल्या घरची," बायजाबाई म्हणाली, आणि तिनं मान दुसरीकडं वळवली.

रोशनी उठून जवळ आली. मैदानावर दिसायची त्यापेक्षा ती ठेंगणी होती. ती रागावली असती, अंगावर आली असती, तर ऋतुजाला बरं वाटलं असतं.

"मी आत काही बोलनार नाही," रोशनी हळूच म्हणाली. "मी बोलली त लोक म्हनतील, पाहा, पुन्हा सुरू झाली. घरचे लोक बी विचारून राहिले मले, खरंच लागला होता का हात? माहा भाऊ विचारते. आता त मलेच कधी कधी वाटते, लागला होता का नाही."

ऋतुजानं मान खाली घातली.

"एवढंच सांग. लागला होता ना?"

ऋतुजाची मान हलली. वर-खाली, अगदी थोडी. रोशनीनं डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. मग ती आत्याजवळ जाऊन बसली. निदान चार शिव्या तरी द्यायच्या होत्या तिनं.

ऋतुजा तशीच परत फिरली. मेकअपच्या खोलीत उन्मेषराव एकटेच होते, कागदावरचं वाक्य ओठांत घोळवत. तिनं दार लावून घेतलं.

"बाबा, मले काही सांगायचं आहे."

"कार्यक्रम झाल्यावर सांग."

"नाही, आत्ताच. त्या शेवटच्या रेडमध्ये..."

"ऋतू, चूप राय."

"बाबा, तिचा हात..."

त्यांनी तिचं मनगट धरलं. पकड जुन्या खेळाडूची होती, सुटायची नाही.

"डाव्या बाजूनं. जर्सीच्या खालच्या काठाले लागला," ते अगदी खालच्या आवाजात म्हणाले. "आमची बसायची जागा तुह्याच कोपऱ्यावर होती. माह्या डोळ्यांसमोर लागला."



"तुम्हाले माहीत होतं?"

"तू भाईर जायले पाय उचलला होता. मंग पब्लिक ओरडली अन् तू पाय खाली ठेवला. पंच तिच्याकडे पाहून राहिले होते, त्याहिनं नाही पाह्यलं. पण कॅमेरा तुह्याकडे वळून राहिला होता. तुहा तो पाय घरोघरी दिसला असता, लोकाहिनं तो शंभर डाव फिरवून पाह्यला असता." त्यांनी घाम पुसला. "मी जिकडे बोलतो तिकडे कॅमेरा वळते. इतक्या वर्षांची सवय आहे त्याहिले. म्हणून मी म्हटलं, पाहा त्या बोटाकडे."

ऋतुजा त्यांच्याकडं बघत राहिली. बाबांनी आपल्यावर विश्वास ठेवला आणि त्यापायी त्यांचं तोंड पोळलं, असं ती महिनाभर धरून चालली होती. विश्वासाचा इथं प्रश्नच नव्हता. त्यांनी लेकीला चोरी करताना पाहिलं होतं आणि घराचं दार आतून लावून घेतलं होतं. तिला रडू आलं नाही, रागच आला. आणि त्या रागात माया इतकी मिसळलेली होती की तो कोणावर काढावा हे तिला कळेना.

"मंग मले एकदाही काहून नाही विचारलं?"

"विचारलं असतं त तू सांगितलं असतं," उन्मेषराव म्हणाले.

दारावर टकटक झाली. "सर, चला, वेळ झाली."

त्यांनी तिचं मनगट सोडलं, कोटाची बटणं लावली. "तू काही बोलू नको. मी पाहतो," एवढं म्हणून ते गेले.

वेदिकानं ऋतुजाला स्टुडिओला लागून असलेल्या छोट्या खोलीत नेऊन बसवलं. मध्ये मोठी काच. काचेपलीकडं दिव्यांच्या झोतात तीन खुर्च्यांवर भूपेश, उन्मेषराव आणि रोशनी, अलीकडं पडद्यांची रांग आणि माइक कमी-जास्त करणारा ध्वनितंत्रज्ञ, सगळे त्याला सुशीलभाऊ म्हणायचे. थेट प्रक्षेपणाचा लाल दिवा लागला. भूपेशनं प्रेक्षकांना नमस्कार केला, प्रकरण दोन वाक्यांत सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "सर, आपण काही बोलू इच्छिता?"

उन्मेषरावांनी कागद वाचला. शब्द न शब्द, वकिलांनी दिला तसा. वेदिकानं सुटकेचा निःश्वास टाकला. मग त्यांनी कागदाची घडी घातली आणि ती कोटाच्या खिशात ठेवली.

"आता माझं मी बोलतो," ते म्हणाले. घरातली बोली गेली होती. हा टीव्हीवरचा, घासूनपुसून घेतलेला आवाज होता. "हात लागला होता. मी तो माझ्या डोळ्यांनी पाहिला होता. पाहूनही मी या मुलीला खोटं पाडलं, कारण समोर माझी मुलगी खेळत होती. रोशनी पंचांशी भांडली ते बरोबरच होतं. तिच्या जागी मी असतो तर मीही भांडलो असतो."

"भूपेश, ब्रेक घे!" वेदिका माइकमध्ये ओरडली. लगेच समोरच्या पडद्यावर पाहणाऱ्यांचा आकडा भराभर चढताना तिला दिसला आणि ती म्हणाली, "नको नको, थांब. चालू दे."

भूपेश क्षणभर गांगरला. "म्हणजे सर, तुमची मुलगी जाणूनबुजून..."

"नाही." उन्मेषरावांनी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. "माझ्या मुलीला ते कळलंच नाही. झेप टाकलेली पोर, जर्सीच्या काठाला बोट लागलं तर तिला कसं कळणार? दोष माझा आहे. तिचा यात कणभरही दोष नाही."

ज्या आवाजावर निम्म्या विदर्भानं आजवर विश्वास ठेवला होता, त्याच आवाजात ते हे बोलले. कुठं अडखळले नाहीत. सुशीलभाऊनं मागं वळून ऋतुजाकडं पाहिलं आणि तो चुकचुकला. वेदिकानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझी काहीच चूक नाही गं," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

ऋतुजाला सगळं दिसलं. रोशनीचं नाव उद्या यादीत परत येणार. आपलंही राहणार. बुडणार ते फक्त बाबा, आणि बुडता बुडता त्यांनी सगळ्यांची सोय लावून दिली होती. आता कोणालाच काही करायचं उरलं नव्हतं. बसून राहायचं, आणि उद्यापासून लोक बिचारी म्हणतील ते ऐकून घ्यायचं.

काचेपलीकडं भूपेश रोशनीकडं वळला. "रोशनी, तू त्या क्षणी समोर होतीस. तुला काय वाटतं, ऋतुजाला खरंच कळलं नसेल?"

रोशनी हातांकडं बघत होती. मग तिनं मान वर केली आणि दिव्यांच्या झोतातून काचेकडं पाहिलं. त्या उजेडात तिला अलीकडचं काही दिसणं शक्य नव्हतं, तरी तिची नजर बरोबर तिथंच येऊन थांबली.

"ते मी कशाले सांगू?" ती म्हणाली. "तिलेच विचारा."

भूपेशनं काचेकडं मान वळवायच्या आत उन्मेषराव खुर्चीत पुढं सरकले.

"पाहा, या मुलीकडे पाहा," त्यांचा आवाज चढला. "एवढं सोसून एक वाकडा शब्द नाही! प्रेक्षकहो, याला म्हणतात खेळाडू. पाहा तिच्या चेहऱ्याकडे..."

आणि सगळे कॅमेरे रोशनीकडं वळले. पडद्यापडद्यावर तिचाच चेहरा, आणि त्यावरून बाबांचा आवाज धावत होता, श्वास न घेता, कुठं फट राहू न देता.

ऋतुजा उठली. वेदिकाचा हात तिनं हळूच खांद्यावरून खाली काढला.

"सुशीलभाऊ," ती म्हणाली, "बाबांचा माइक बंद करा. अन् एक मले द्या."