अर्ध्या गावाचा नंबर

मी एक बटणांचा मोबाइल फोन बोलतोय. आजवर माझ्यातून पुष्कळ लोक बोलले, मला मात्र कोणी बोलू दिलं नाही. आता बॅटरी फुगली आहे, सिमकार्ड काढून घेतलं आहे, आणि मी एका खणात वाकडे खिळे, रबरबँड आणि कुठल्याशा हरवलेल्या कुलपाची किल्ली यांच्या शेजारी पडून आहे. निवृत्त झालं की सगळ्यांना आत्मवृत्त सुचतं, तसं मलाही सुचलं.

माझा जन्म कारखान्यातला. त्याच दिवशी माझी हजारो भावंडं जन्मली, त्यामुळे कौतुक असं कोणाचंच झालं नाही. मग काही काळ दुकानाच्या काचेच्या कपाटात गेला. एके दिवशी एक गृहस्थ आले, मला हातात घेऊन त्यांनी वजन पाहिलं आणि विचारलं, "पडला तर फुटतो का?"

दुकानदार म्हणाला, "फरशी फुटेल. हा नाही."

व्यवहार ठरला.

त्या गृहस्थांना सगळे मामा म्हणत. वाहन कार्यालयाच्या फाटकासमोर, पत्र्याच्या आडोशाला त्यांचं टेबल होतं. टेबलावर डिंकाची बाटली, स्टेपलर, शाईचं पॅड आणि लांब पात्याची एक कात्री. मामा एजंट होते. म्हणजे जे काम लोकांना स्वतः करता आलं असतं, ते त्यांना जमणार नाही हे आधी पटवून द्यायचं आणि मग ते करून द्यायचं. शिकाऊ लायसन्स, पक्कं लायसन्स, गाडी नावावर करणं, पत्ता बदलणं. कामाला मात्र चोख. कात्रीचा हात तर असा, की फोटो चौकटीत डकवला की कडेला केसभर जागा उरत नसे. लायसन्सवरच्या फोटोंत अर्ध्या गावाचे कान थोडेथोडे त्या कात्रीनं खाल्ले आहेत.

अर्जात मोबाइल नंबरचा एक रकाना असे. मामा तिथे माझा नंबर लिहीत. सगळ्यांच्याच अर्जात. "निरोप आला तर तुम्ही बघणार नाही, मी बघेन," असं त्यांचं म्हणणं. काहींकडे तेव्हा फोनच नव्हता, आणि ज्यांच्याकडे होता त्यांना स्वतःचा नंबर पाठ नव्हता. एका वकिलांनी तेवढी शंका काढली, "पण नंबर माझा हवा ना?"

"वकीलसाहेब, गाडी तुमचीच राहील. कटकट फक्त माझी."

वकिलांनी न वाचता सही केली. वाचून सही करावी, हा सल्ला ते इतरांना देत असत.

पुढे कार्यालयाच्या खिडक्यांवर कागद चिकटले: सर्व कामे ऑनलाइन करावीत. मामा हसले. "माणूस घाटात गाडी घालायला भीत नाही, पण अर्ज भरायला भितो. येतील परत इथेच." लोक भ्यायले खरे, पण आपापल्या घरी बसून भ्यायले. फाटकाशी कोणी फिरकेना. टेबल घरी आलं, मामींनी त्यावर कुंड्या ठेवल्या. मुलानं मामांना काचेचा नवा फोन दिला. मामा तो चष्मा पुसायच्या फडक्यात गुंडाळून ठेवत. सिमकार्ड माझ्यातच राहिलं.

आणि मग आकडे यायला लागले.

ऑनलाइन कामाची एक रीत आहे. तुम्ही तुम्हीच आहात, हे तुमच्या तोंडावरून कळत नाही. नोंदवलेल्या नंबरावर एक आकडा येतो, तो भरलात की तुम्ही तुम्ही ठरता. अर्ध्या गावाचा नोंदवलेला नंबर मी. कोणीही कुठेही बसून अर्ज उघडला की मामांच्या खिशात मी थरथरायचो, आणि पाठोपाठ फोन, "मामा, आकडा आला का हो?"

रस्त्यात ओळख न दाखवणारे लोक आता मामींच्या गुडघ्याची चौकशी करू लागले. मामांची मान पुन्हा ताठ झाली. ते मला न्हाणीघरातही नेत. "त्याला तरी बाहेर ठेवा," मामी म्हणत, "तुमच्याशिवाय गावाचं एवढं काय अडतंय?"

"अडतंय म्हणूनच नेतोय."

गावात शाळेची व्हॅन चालवणाऱ्या एक बाई होत्या. मुलं त्यांना व्हॅनताई म्हणत, म्हणून मोठेही म्हणत. त्यांच्या लायसन्सची मुदत संपत आली होती. शाळेच्या मुख्याध्यापकांनी सांगितलं होतं, सोमवारी सकाळी निदान अर्ज केल्याची पावती दाखवा, नाहीतर व्हॅनची किल्ली ठेवा. किल्ली घ्यायला मुख्याध्यापकांचा मेहुणा तयारच होता. त्याचं लायसन्स नवंकोरं होतं, कारण ते फारसं वापरलेलं नव्हतं.

व्हॅनताईंनी अर्ज स्वतः भरायला घेतला. फोटो चढवला तर उत्तर आलं, फोटो मोठा आहे. लहान केला, तर लहान आहे. दर खेपेला सगळं पहिल्यापासून, दर खेपेला नवा आकडा, आणि दर खेपेला मामांना फोन. शेवटी त्या म्हणाल्या, "मामा, तुम्हाला किती त्रास देऊ? तिथे माझाच नंबर नाही का घालता येणार?"

"ते फार किचकट आहे, ताई. त्या भानगडीत पडू नका."

किचकट काही नव्हतं. एक आकडा जुन्या नंबरावर, एक नव्यावर, संपलं. सूचनांचे संदेश माझ्याकडेच येत, मामांनी ते वाचलेले होते. पण एकानं नंबर बदलला की दुसरा बदलणार, हेही त्यांना कळत होतं.

रविवारी सकाळी मामांचा सदरा धुण्याच्या बादलीत गेला. सदऱ्याच्या खिशात मी होतो. साबणाचं पाणी माझ्या प्रत्येक बटणातून आत शिरलं. पिळायच्या बेतात असतानाच मामींनी मला बाहेर काढलं. फरशी न फोडता मी गेलो.

थोड्या वेळानं व्हॅनताई दारात उभ्या. "मामा, फोन लागत नाही! फोटो घेतला हो त्या अर्जानं. फक्त आकडा राहिलाय."

मामांनी मला उघडून टेबलावर ठेवलं, कुंड्या बाजूला सरकवून. फुंकर मारली, उन्हात धरलं, दोनदा आपटलंही. मी उठलो नाही. सिमकार्ड तेवढं धडधाकट होतं, पण जुन्या मापाचं. नव्या फोनच्या खाचेत ते मावेना.

"दुकानातून दुसरं सिम मिळेल," मामा म्हणाले, "पण आज रविवार. उद्या दुपारी."

व्हॅनची किल्ली व्हॅनताईंच्या हातात होती, ती त्यांनी घट्ट धरली.

मामी म्हणाल्या, "अहो, फोन बादलीत गेला तर ही दशा. उद्या तुम्हीच वर गेलात तर गावानं आकडा कुठे मागायचा? तिथे रेंज असते का?"

मामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग उठले आणि कात्री घेऊन आले.

सिमकार्ड कापताना एक रेघ चुकली असती, तर व्हॅनताईंचाच नव्हे, अर्ध्या गावाचा नंबर तिथेच संपला असता. नव्या फोनच्या खाचेचं माप त्यांनी पेन्सिलीनं आखलं. चष्मा पुसला, पुन्हा पुसला. "श्वास सोडू नका कोणी," मामी म्हणाल्या. कात्री चारी बाजूंनी फिरली. गावाचे कान कापता कापता कमावलेला हात त्या दिवशी खरा कामी आला.

काचेचा फोन थरथरला. व्हॅनताईंनी आकडा भरला, पावती निघाली.

"बसा अजून," मामा म्हणाले. "आता तुमचा नंबर घालू तिथे."

"किचकट आहे म्हणालात ना?"

"होतं. आता नाही."

मेहुण्याला किल्ली मिळाली नाही. व्हॅन रोज त्याच वेळी कोपऱ्यावरून जाते आणि मामांच्या दारापाशी एक हॉर्न देते. "हॉर्न घसा बसल्यासारखा वाजतोय," मामा रोज म्हणतात. कुंड्या उतरल्या, टेबल ओसरीत आलं. मामा एकेकाला बोलावून नंबर बदलून देऊ लागले. वकीलसाहेबही येऊन गेले, या खेपेला वाचून. आकडे कमी होत गेले. आता त्या नंबरावर एकच गाडी उरली आहे, मामांची स्वतःची स्कूटर. तरी ते सकाळी चष्मा लावून काचेचा फोन एकदा बघतात.

माझी काही तक्रार नाही. खण कोरडा आहे. तेवढं आपल्या लायसन्सवर नंबर कोणाचा आहे, हे घरी गेल्यावर एकदा पाहून घ्या. माझा निघाला, तर लवकर या. मामा सध्या घरीच असतात, आणि कोणी आलं तर त्यांना बरं वाटतं.