उन्हातल्या नळ्या

निवृत्त होऊन उमरग्याला राहायला आल्यापासून महांतप्पा गुरुजींना लोहाऱ्याजवळच्या त्या गावाची फार आठवण यायची. त्यातही शहाऐंशीच्या उन्हाळ्याची. विहिरी आटल्या होत्या. टँकरचं पाणी हौदात ओतायचे आणि ते पिऊन घरोघर लेकरांना हगवण लागलेली. पाणी उकळायचं तर जळण कुठं होतं?

तेव्हा गुरुजी तरणे होते, शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांनी उन्हालाच कामाला लावायचं ठरवलं. दूध संस्थेचे चेअरमन आबाराव यांनी सोलापूरहून काचेच्या नळ्या मागवून दिल्या. गुरुजींनी त्या रबरानं जोडून संस्थेच्या अंगणात पत्र्यावर नागमोडी मांडल्या. वरच्या माठातलं पाणी उन्हातून वाहत खालच्या कळशीत पडायचं. नमुना तपासणीला गेला. उत्तर आलं, जंतू आहेत तसेच आहेत.

गुरुजी खचले. नळ्या उतरवायला लागले, तेव्हा संस्थेत बाटल्या धुणाऱ्या गजराबाई जवळ आल्या.

"गुरुजी, पाणी नुसतं पळतंय. ऊन लागायला त्याला उसंत तर पायजे. आन् गढूळ लई हाय. मळक्या बाटलीतून पल्याडचं दिसतंय का?"

गुरुजींनी उतरवलेली नळी परत पत्र्यावर ठेवली.

गजराबाईंनी निवळीचं बी उगाळून माठातलं पाणी नितळ केलं. गुरुजींनी दवाखान्यातून सलाइनची कोरी नळी आणली आणि तिचं चाक फिरवून धार थेंबावर आणली. सकाळी आत शिरलेलं पाणी आता दुपार कलल्यावर बाहेर यायचं. दुसऱ्या तपासणीचा कागद आबारावांनी मोठ्यानं वाचला, "पिण्यास योग्य."

तरी पहिल्या दिवशी कुणी भांडं घेऊन फिरकलं नाही. पाणी निवळलं होतं बौद्धवाड्यातल्या गजराबाईंनी. न येण्याचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणीच नव्हतं.

गुरुजींच्या आई धुरपदाबाई काठी टेकत आल्या आणि ओट्यावर बसल्या.

"गजरा, तांब्या भर."

"म्या भरू?"

"मग कोण? पाणी तूच निवळलंस न्हवं?"

सगळ्यांदेखत त्यांनी गजराबाईंच्या हातून तांब्या घेतला, रिकामा केला आणि पुन्हा पुढं धरला. दुसऱ्या दिवशी अकरा घरांची भांडी रांगेत होती. घरटी लेकरांपुरतं पाणी मिळायचं, पण हगवण ओसरली.

पुढं गावात नळ आले, पत्रा निघाला. गुरुजींनी नंतर कितीतरी शाळा पाहिल्या, पण तशी दुपार पुन्हा लाभली नाही. गजराबाई पदरानं काचेवरची धूळ पुसायच्या, गुरुजी घड्याळ लावून थेंब मोजायचे, आणि बोलता बोलता कळशी कधी भरायची ते दोघांनाही कळायचं नाही.