पुढच्या अॅक्सलचा मान

वेल्ह्याच्या डोंगरातल्या त्या गावाने लष्कराच्या लिलावातून चारही चाकांनी ओढणारा जुना ट्रक घेतला, तेव्हा पहिला प्रश्न डिझेलचा नव्हता, मानाचा होता. पालखीच्या दांड्यासारखा ट्रकही वाटला गेला. पुढचा अॅक्सल वरच्या आळीचा, मागचा खालच्या आळीचा. ज्याने त्याने आपापल्या अॅक्सलला ग्रीस भरावे, दसऱ्याला आपापला शेंदूर लावावा. मधला भाग ड्रायव्हर कुंडलिकचा, कारण त्यावर कोणी हक्क सांगितला नाही.

चैत्रात पुढच्या अॅक्सलमधल्या चक्रांचे दात गेले. ट्रक थांबला, त्याच्या पाण्याच्या खेपा थांबल्या आणि वर सड्यावरची, डोंगरमाथ्याच्या सपाटीवरची टाकी आटू लागली. तिथे कुंडलिकची आई साळूबाई दोन म्हशी घेऊन राहत होती. पाणी पोचले नाही, तर म्हशी बाजारात न्याव्या लागणार होत्या.

शिवऱ्याच्या स्पेअर पार्टवाल्या अमृतने फोनवर विचारले, अॅक्सल कुठला, रेशो किती? पत्र्यावरचा नंबर शेंदराच्या थरांखाली केव्हाच देवत्वाला पोचला होता. तो खरवडायला कुणाचा हात धजेना. शेवटी कुंडलिकने अॅक्सल उघडून दात मोजले: लहान चक्राला सहा, मोठ्याला तुटके धरून एकोणचाळीस. म्हणजे रेशो साडेसहा. मागचाही तेवढाच असणार, दोन्ही सारखे नसले तर गाडी स्वतःशीच भांडते, असे त्याने वरच्या आळीच्या गेनूअण्णांना नम्रपणे सांगितले.

चूक तिथेच झाली. अण्णा बराच वेळ त्या काळ्या पोकळीत पाहत राहिले, जणू तेलाच्या तळाशी कोणी पूर्वज बसला होता.

“म्हंजी खालच्या आळीएवढाच?”

“व्हय अण्णा. सारखाच लागतो.”

“आपुन पुढं, ते मागं. सारखं कसं आसंल? थोडा तरी जास्त माग.”

त्याच अॅक्सलला बसणारा, सात रेशोचा चक्रांचा जोड अमृतकडे पडून होता. तो आला, नारळ फुटला, जोड बसला.

पहिल्याच खडकाळ चढावर पुढची चाके एक म्हणू लागली, मागची दुसरेच. ट्रक कण्हला आणि भरल्या टाकीसह अडून बसला. परत जाऊन अण्णांना सांगायचे कसे? साताचे साडेसहा करणे म्हणजे सबंध आळीची इज्जत अर्ध्याने उतरवणे.

करवंदीच्या जाळीआड कुंडलिकने इंजिनाचा जोर पुढच्या अॅक्सलला पोचवणारा शाफ्ट सोडवला आणि गोणपाटात गुंडाळून सीटमागे सारला. आता पुढचा अॅक्सल कशालाच जोडलेला नव्हता, नुसता पुढे होता. मग निम्मे पाणी त्याने तापल्या कातळावर सोडून दिले. हलका झालेला ट्रक मागच्या चाकांवर वर चढला.

तेव्हापासून एका खेपेच्या दोन झाल्या. सात बसल्यापासून गाडी कशी निमूट चालते, हे अण्णा पारावर दोन्ही आळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने सांगत. एके सकाळी त्यांनी बंपरला झेंडूचा हारही बांधला.

त्या दिवशी साळूबाईने टाकीत काठी बुडवून पाहिली.

“रोज निम्मीच का रं आणतूस?”

“पुढं मान बसलाय, आये. त्याचं वजन लई.”

तिने बंपरवरचा हार सोडला, दोरा काढून पदराआड ठेवला आणि फुले धाकट्या म्हशीपुढे टाकली.