चार बायकांचा आवाज

खिडकीवर गोधडी ठोकता ठोकता प्रेमराज नाना थांबले. खिळा दातांत, हातोडी हातात, गोधडीचे एक टोक खांद्यावर तसेच. पूर्वेकडून उजेड आत येत होता. त्यात विशेष असे काही नव्हते. धुळ्याच्या चैत्राअखेरची, रोज येते तशीच ती सकाळ होती. समोरच्या पत्र्याच्या शेडवरून उजेड आधी घरंगळला, गच्चीवर वाळत घातलेल्या पातळातून गाळला गेला आणि शहाबादी फरशीवर येऊन आडवा झाला. सुरुवातीला तो ताकासारखा पांढुरका होता, मग त्याला हळदीचे बोट लागल्यासारखे झाले. फरशीच्या भेगेपाशी तो जरा अडला, भेग ओलांडून माईकच्या लोखंडी पायापर्यंत सरकला, आणि तिथून एक बारीक रेघ भिंतीवर चढली. गोधड्या झटकल्यामुळे हवेत कापसाचे तंतू तरंगत होते. उजेडात असेपर्यंतच ते दिसत. जरा बाजूला झाले की जणू कधी नव्हतेच. या उजेडासाठी नाना उभ्या आयुष्यात कॅमेरा घेऊन किती ठिकाणी उभे राहिले होते: तापीच्या काठी, साक्रीकडच्या डोंगरात, कापसाच्या ओळींमध्ये. आज मात्र तो त्यांना नको होता. आज त्यांना फक्त शांतता हवी होती, आणि तीही मुलगा ललित गाडी घेऊन येईपर्यंतच मिळणार होती.

"ठोका ना आते," मागून त्यांच्या पत्नी भिकुबाई म्हणाल्या. "उजेड काय पहिलांदावच देखी ऱ्हायनात का?"

"तू बोलू नको वं. आवाज राखी ठेव."

"कितला राखसू? सकाय ते काढीच लेतीन."

नानांनी खिळा ठोकला. खोलीत अंधार झाला आणि संगणकाचा पडदा तेवढा उरला.

उद्या सकाळी जळगावच्या हॉस्पिटलात भिकुबाईंचे स्वरयंत्र काढून टाकणार होते. गाठ तिथेच होती. ती काढायची तर आवाज ठेवता येत नव्हता. डॉक्टरांनी हे होळीनंतरच्या आठवड्यातच सांगितले होते आणि त्याच आठवड्यात ऑपरेशनची तारीखही देऊ केली होती. ती तारीख नानांनी पुढे ढकलून घेतली. चित्रपटाचे संकलन व्हायचे होते, ते झाल्याशिवाय डबिंग होत नाही, आणि डबिंग भिकुबाईंशिवाय होत नाही. संकलन काल संध्याकाळी संपले. आता पडद्यावर चार बायका नुसते ओठ हलवत होत्या: एक आई, एक सून, एक सावकारीण आणि एक वेडी. चौघींनाही भिकुबाईच बोलत्या करणार होत्या.

नानांच्या सगळ्याच चित्रपटांचे असे होते. लग्नांचे शूटिंग करणाऱ्या या माणसाने लग्नाच्याच कॅमेऱ्यावर अहिराणीत चित्रपट काढला, तेव्हा गावोगाव लोक हसले होते. मग टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणून चौकातल्या ओट्यावर लावला, आणि पडद्यातली बाई त्यांच्याच बोलीत तिच्या नवऱ्याला शिव्या देऊ लागली, तेव्हा हसणे थांबले. म्हाताऱ्या टीव्हीच्या मागे जाऊन पाहून आल्या. आपली भाषा पेटीतून येऊ शकते याचेच लोकांना नवल होते. पण त्या पहिल्या चित्रपटाची नायिका ऑर्केस्ट्रातली, परमुलखातली. तिला 'बठ्ठा' म्हणजे 'सगळा' हेही ठाऊक नव्हते. म्हणून स्वयंपाकघरात गोधड्या बांधल्या आणि चूल विझवून भिकुबाईंना उभे केले. पुढे नायिका बदलत गेल्या, कॅसेटच्या जागी सीडी आल्या, बसस्टँडवर विकल्या गेल्या, मोबाइल आल्यावर त्याही बंद पडल्या. गोधडीमागची बाई तेवढी बदलली नाही. साक्रीच्या बाजारात एकदा भिकुबाई वांग्यांचा भाव करत होत्या, तेव्हा पलीकडची बांगडीवाली टोपली टाकून धावत आली होती: "ओ माय, हाई ते ती खट सासू बोली ऱ्हायनी!" चेहरा कुणाला माहीत नव्हता. आवाज सगळ्या खानदेशाने ओळखला होता.

"आईपाईन सुरू कर," नाना म्हणाले. त्यांनी हेडफोन कानांवर चढवले, पंखा बंद केला, फ्रीजचे बटण बंद केले. "आंडोर शहरमा गया, ती दारमा उभी शे. म्हन."

पडद्यावर साक्रीची नवी नटी दिपमाला आई होऊन, शहरात गेलेल्या लेकासाठी दारात उभी होती. तिचे ओठ हलले. भिकुबाईंनी बरोबर त्याच क्षणी तोंड उघडले.

"मन्हा लेकले सांगा, मी वाट देखी ऱ्हायनू."

ओठ अगदी जुळले. नानांनी तरी हात वर केला.

"परत. वायरमा खरखर शे."

त्यांनी वायर बदलली. भिकुबाई परत बोलल्या. ओठ परत जुळले. खरखर होतीच. नानांनी माईक काढला, फडक्यात गुंडाळून ठेवलेला जुना माईक आणला, स्टँडवर चढवला, त्यावर बोटाने टकटक केली.

"हाऊ देख. हाऊ माईक कधी दगा देत नही."

तिसऱ्यांदा "वाट देखी ऱ्हायनू" मधला "नू" ऐकूच आला नाही. तिथे नुसता वारा आला. नानांनी पडद्यावरची घुंडी सरकवून आवाज जाड केला, मग बारीक केला, मग होता तसा ठेवला. घामाने त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. खालून गिरणीवाल्या झिपरूने हाक मारली.

"ओ नाना! करू का चालू? बाया दयनन्या पाट्या लिसन बठी ऱ्हायन्यात!"

नाना जिन्यात धावले. "थांब रे! ललितनी गाडी येवालोंग थांब!"

"तुम्हना पिच्चरपायी बठ्ठी गल्ली उपाशी मरी, नाना!"

खाली बायका हसल्या. त्यांतली एक म्हणाली, "थांबू दे रे झिपरू, वहिनीनं उद्या ऑपरेशन शे." मग कुणीच हसले नाही. नानांना ती शांतता आवडली नाही. ते वर आले तेव्हा भिकुबाई कोमट पाण्याचा घोट गिळण्याचा प्रयत्न करत होत्या. एवढे करायलाही त्यांना डोळे मिटावे लागत होते.

"शेजारनी मोटर चालू शे," नाना म्हणाले. "तिनाच आवाज उतरी ऱ्हायना."

"मोटर सकायपाईन बंद शे."

"मंग गोधडी पातळ पडनी. आखो एक लावसू."

"माईक बदला, वायर बदली," भिकुबाई म्हणाल्या, "आते एकदाव बायको बदली देखा."

एरवी या वाक्यावर नाना खदखदून हसले असते. ते दुसरी गोधडी शोधू लागले.

फोन वाजला. ललितचा होता. दीपनगरच्या वीज केंद्रातून रात्रपाळी संपवून तो थेट निघाला होता.

"नाना, पारोळं सोडलं मी. आईला तयार ठेवा. दुपारच्या आत ॲडमिट करायचं आहे."

"हां हां. ये."

"तुम्ही माईक लावून बसले का?"

नानांनी माईककडे पाठ केली.

"डॉक्टर काय म्हटले होते? शब्दसुद्धा बोलू देऊ नका म्हटले होते. एक तर तुमच्यापायी तारीख पुढे ढकलली..."

"तिनीच हो म्हनं व्हतं."

"ती कधी नाही म्हटली तुम्हाला?"

फोन कट झाला. नानांनी तो सदऱ्याच्या खिशात टाकला आणि पडद्यावरचे चित्र मागे नेले. दिपमाला पुन्हा दारात येऊन उभी राहिली. पारोळ्याहून धुळे म्हणजे आता फार तर दोन दृश्ये. आईचे तरी पुरे करू, त्यांनी मनाशी ठरवले. आई झाली तर बाकीच्या तिघींचे काही तरी होईल. आई नसेल तर चित्रपटच नाही.

"बोल," ते म्हणाले. "जीव लाईसन बोल."

भिकुबाई बोलल्या. त्यांनी जीव लावलाच होता. गळ्याच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या, एक हात स्टँडला घट्ट धरून होता. शब्द निघाले ते कुठल्याशा खोल विहिरीच्या कोरड्या कडेला घासत निघाले, आणि शेवटचा शब्द बाहेर येण्याआधीच खोकल्याची उबळ आली. ती थांबेना. नानांनी पाठीवर हात फिरवला, पण दुसऱ्या हाताने हेडफोन कानाशी दाबून ते आत्ताचाच टेक पुन्हा ऐकत होते. भिकुबाईंनी ते पाहिले.

"ती पोरलेच बोलू द्या," खोकला थांबल्यावर त्या म्हणाल्या आणि पडद्याकडे बोट केले. "साक्रीनी शे ती. मन्हापेक्षा चांगली बोलस."

"ती नवीन शे. लोकसले तुन्हा आवाज पाहिजे."

"लोकसले, का तुम्हले?"

नाना टेक पुन्हा सुरुवातीला नेऊ लागले.

"मी काय आईना पोटमाईन शिकीसन उनथू का?" भिकुबाई पुढे म्हणाल्या. प्रत्येक चार शब्दांनी त्यांना श्वास घ्यावा लागत होता. "तुम्ही उभं करं, मी बोलनू. तिले उभं करा. तिले बी तोंड शे."

"एक टेक. शेवटला."

भिकुबाईंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिले. मग त्यांनी संवादांचे कागद स्टँडवरून काढले, नीट एकावर एक ठेवले आणि नानांच्या हातात दिले.

"रेकॉर्डिंग चालू शे ना?"

"चालू शे."

"ते चित्र बंद करा. माले कोनना ओठ नकोत."

नानांना वाटले, तिला संवाद पाठच असतील. त्यांनी पडदा विझवला. खोलीत आता पूर्ण अंधार होता. फक्त यंत्रावरचा एक लाल ठिपका जळत होता. भिकुबाई माईकच्या जवळ सरकल्या. तोंड किती अंतरावर ठेवायचे हे त्यांना अंधारातही बरोबर कळत होते.

"गॅसनं बटन खालथीन बंद करत जा," त्या म्हणाल्या. "शेगडीनं करतस आनि सिलेंडरनं भुली जातस. मी आते मांगून सांगसू नही."

नानांचा हात थांबवण्याच्या बटणाकडे गेला.

"राहू द्या. बठ्ठ्यासनं बोलनू, आते मन्हं बोलू द्या."

हात परत मागे आला.

"चहामा साखर नही. देखाले कोनी नसलं तरी नही. ललितकडे गयात ते सुनबाईले, मेघाले, रातले भाकरी कराले लावू नका, तिनी बी पाठ दुखस. मन्ही बहीण मंजुळाना फोन येई. तिले मी बोलत नही म्हनीसन राग येई. तिले समजाडज्यात, पन हळूच, ती रडीसन घर डोक्यावर लेस." त्या थांबल्या. अंधारात श्वास ओढल्याचा आवाज आला, करवतीसारखा. "दार वाजनं ते 'कोन शे' तुम्हीच इचारज्यात. मी नुसती उठीसन जासू, आनि बाहेरनाले वाटी घरमा कोनी नही."

हेडफोनमध्ये तो आवाज नानांच्या दोन्ही कानांत अगदी आत बोलत होता. इतकी वर्षे तो कानांत आला तेव्हा समोर पडद्यावर कुठले तरी ओठ असत. नाना ओठ पाहत, ओठ जुळले की खूश होत. आज समोर काहीच नव्हते. पाहण्याजोगे काही नसल्यामुळे ऐकण्याशिवाय दुसरा उपाय राहिला नव्हता. 'शे' म्हणताना तिथे शब्द नव्हता, शब्दाच्या आकाराची फक्त हवा होती. वायर ठीक होती. जुना माईक ठीक होता. गोधड्या जाड होत्या, शेजारची मोटर बंद होती.

"माले लिखता येस थोडंसं," भिकुबाई म्हणाल्या. "पाटी लई देज्यात. पन माले राग येई तव्हय मी लिखाव नही. तव्हय मन्हा तोंडकडे देखज्यात. कामले लागू नका."

लाल ठिपका जळत राहिला.

"उना का बराबर?" त्यांनी विचारले.

प्रत्येक टेकनंतर त्या हेच, बरोबर आला का, असे विचारत आल्या होत्या आणि प्रत्येक वेळी नाना गोधडीपलीकडून ओरडत, "ओके!" आजही त्या थांबून राहिल्या. नानांनी हेडफोन कानांवरून काढून गळ्यात घेतले.

खाली गाडीचा हॉर्न वाजला. गाडी पाहताच झिपरूने खटका ओढला आणि गिरणीचा पट्टा घरघरत फिरू लागला. फरशी हलली, माईकचा स्टँड थरथरला. त्या आवाजात भिकुबाई आणखी काही म्हणाल्या. नानांना ओठ दिसले नाहीत आणि शब्दही ऐकू आले नाहीत.

ललित जिना चढून आला तेव्हा त्याने दार सताड उघडले. त्याने आईची पिशवी उचलली, तिचा हात धरला, तिला पायऱ्यांपर्यंत नेले. भिकुबाई कठड्याला धरून एकेक पायरी उतरू लागल्या. खालच्या बायकांनी पाट्या बाजूला सरकवून वाट केली. ललित वरच्या पायरीवर थांबून मागे वळला. नाना तसेच बसले होते, हेडफोन गळ्यात, मांडीवर कागद.

"झालं का तुमचं डबिंग?" त्याने विचारले. गिरणीच्या घरघरीवर चढून बोलावे लागत असल्यामुळे त्याचा राग होता त्याहून मोठा वाटला. "एवढे दिवस आईला थांबवलं. मिळाला का आवाज?"

"नही," नाना म्हणाले.

"काय?"

"आवाज होळीना पहिलेच गया व्हता," नाना म्हणाले. "माले आयकू येत व्हतं."