कोरडी चंदी

पुण्याच्या छावणीतल्या लिलावात घेतलेला तो घोडा रेल्वेच्या डब्यातून कोल्हापूरला आला, तेव्हा त्याला उतरवून घ्यायला इलाही मोतद्दार स्टेशनवर गेला होता. सयाजीराव इनामदारांच्या पागेत घोडी सांभाळण्यात त्याची एकवीस वर्षं गेली होती. डब्याचं दार उघडून तो आत शिरला, नेहमीसारखं जिभेनं चुचकारत त्यानं दोरीला हात घातला, आणि घोड्यानं कान मागं पाडून त्याच्या डोक्यावरचा पटका दातांनी ओढून पायाखाली घेतला. फलाटावरची माणसं हसली. इलाही हसला नाही.

घोडा देखणा होता, यात वाद नव्हता. तांबडा रंग, रुंद छाती, आणि उंची एवढी की इलाहीची मान त्याच्या पाठीपर्यंत कशीबशी पोचायची. गोऱ्यांच्या रिसाल्यात त्यानं सात-आठ वर्षं काढली होती. इनामदारांनी त्याचं नाव शमशेर ठेवलं, पण पागेत त्या नावानं त्याला कुणी हाक मारली नाही. गोऱ्यांकडून आला म्हणून तो 'गोरा' झाला.

"सरकार, रिसाल्यानं असलं जनावर उगंच काढून टाकलं नसंल," इलाही म्हणाला.

"तू खरारा कर. पारख आम्ही केलीय," इनामदार म्हणाले. येत्या दसऱ्याला महाराजांच्या स्वारीमागं त्यांना या घोड्यावर बसून जायचं होतं, आणि बाकीच्या मानकऱ्यांनी ते बघायचं होतं.

रिसाल्यानं त्याला का काढला ते आठवडाभरातच कळलं. गोऱ्याला माणूस खपत नव्हता. सकाळी लीद काढायला कुणी त्याच्या बांधायच्या जागी, ठाणात, शिरलं की मागचा पाय यायचा. पाण्याची बादली ठेवली की लाथेनं उलटायची. मानेपर्यंत खरारा सुखानं करू द्यायचा, पोटाखाली हात गेला की दात. नाल ठोकायला आलेला दिलदार नावाचा नालबंद पहिल्याच दिवशी भिंतीवर जाऊन आदळला. तेव्हापासून घोड्याच्या वरच्या ओठाला दोरीचा पीळ घालून दोघांनी धरल्याशिवाय तो खुराला हात लावेना.

एखाद्या दिवशी मात्र काय व्हायचं कुणास ठाऊक. पंचगंगेवर नेला की गोरा गुडघाभर पाण्यात गुमान उभा राहायचा, पाठ चोळू द्यायचा, डोळे अर्धे मिटून घ्यायचा. त्या दिवशी इलाही घरी येऊन बायकोला, मेहमुदाला सांगायचा, "आज आलं बघ वळणावर." आणि दुसऱ्या दिवशी तोच घोडा त्याच्या दंडाला चावायचा.

"त्याला आपली बोली कळत न्हाय," मेहमुदा जखमेवर हळद दाबत म्हणायची. "आठ वर्सं इंग्रजी ऐकलंय त्यानं."

"माझा दंड बरा कळतोय त्याला!"

इलाहीनं जन्मात कधी घोड्यावर हात टाकला नव्हता. चैत्रात एका सकाळी त्यानं तो टाकला. गोऱ्यानं त्याला भिंतीशी दाबून धरलं होतं, बरगड्या कडकड वाजत होत्या. कसाबसा सुटून त्यानं फावड्याचा दांडा घेतला आणि घोड्याच्या पाठीवर, मानेवर, हात दुखेपर्यंत मारला. त्यानंतर लांबून इलाहीची नुसती चाहूल लागली तरी गोऱ्याचे कान मागं जायचे.

पागेत दुसरा मोतद्दार होता आकाराम. तिशीतला गडी, शाहूवाडीकडच्या डोंगरातला. बायको बाळाबाईला घेऊन तो पागेमागच्या खोलीत राहायचा. मुलांच्या बसायची दोन तट्टं आणि दाण्याची कोठी त्याच्याकडं होती. स्वभावानं वाईट नव्हता, पण तोंडानं फटकळ.

"काय चाचा, आज उजवा का डावा?" रोज सकाळी तो ओरडून विचारायचा. चावा कुठल्या हाताला बसला, असा त्याचा अर्थ. आणि सगळ्यात झोंबायची ती गोष्ट म्हणजे गोरा आकारामच्या तळहातावरचा गूळ निमूट खायचा. बाकीच्या कुणाचा नाही, फक्त आकारामचा.

"माझ्या हाताला काय इख लागलंय?" इलाही एकदा चिडून म्हणाला.

"त्यानं मार इसरलेला न्हाय, चाचा. तुमी बी इसरू नका."

हे खरं होतं. म्हणून इलाहीला ते जास्त लागलं. त्या दिवसापासून तो आकारामशी कामापुरतंच बोलू लागला.

आषाढ लागला. घोड्यांची चंदी, म्हणजे रोजचा हरभरा, आदल्या संध्याकाळी भिजत घालायचं काम आकारामचं होतं. कोरडा हरभरा घोड्याच्या पोटात फुगतो, वरून पाणी पाजलं तर जनावर हातचं जातं, हे पागेतल्या झाडूवाल्यालाही ठाऊक होतं.

त्या सकाळी इलाही भिजलेल्या हरभऱ्याचं घमेलं घेऊन ठाणात शिरला आणि गोऱ्यानं त्याच्या खांद्याचा चावा घेतला. या खेपेला दात सदऱ्यातून आत गेले. घमेलं हातातून सुटलं, घोड्यानं त्यावर पाय दिला आणि सगळी चंदी लिदीत कालवली गेली.

"आज डावा!" तट्टांना नदीवर घेऊन निघालेला आकाराम लांबून ओरडला आणि हसत निघून गेला.

इलाही कोठीत गेला. खांद्यातून रक्त ठिबकत होतं. भिजवलेला हरभरा शिल्लक नव्हता. त्यानं पोत्यात हात घातला, कोरड्या हरभऱ्यानं तोबरा भरला आणि तो गोऱ्याच्या तोंडाला अडकवला. मग पाण्याची बादली भरून पुढं ठेवली. घाई होती, दुखत होतं, ध्यानात आलं नाही, असं तो पुढं बरेच दिवस स्वतःला सांगत राहिला. घाई नव्हती. ध्यानातही आलं होतं.

दुपारच्या आत गोरा पुढच्या पायानं जमीन उकरू लागला. मान वळवून पोटाकडं बघू लागला. मग घाम फुटला आणि तो धाडकन खाली पडून लोळायला लागला.

लोळू दिलं तर आतड्याला पीळ पडतो. इलाहीनं आणि नदीवरून परतलेल्या आकारामनं त्याला दोऱ्या लावून उठवलं. इनामदारांनी साळोत्र्याला, घोड्यांच्या वैद्याला, बोलावणं धाडलं. तो आला, पोटाला कान लावून त्यानं मान हलवली आणि तेल, हिंग, ओवा यांचं औषध बांबूच्या नळीतून घशाखाली ओतलं. नळी धरून होता इलाही, आणि तशा अवस्थेतही गोऱ्यानं त्याची करंगळी फोडली.

"चालवत ऱ्हा. थांबला की मेला," साळोत्री म्हणाला.

भर पावसात इलाही त्याला अंगणात चालवत राहिला. घोडा कण्हत होता, दर वीस पावलांनी गुडघे मोडत होता. इलाही त्याला शिव्या देत होता, दोरी ओढत होता, आणि शिव्यांच्या मधे मधे अल्लाची करुणा भाकत होता. जनावर मरायला नको एवढंच आता त्याला हवं होतं. घोड्याच्या मायेनं की स्वतःच्या भीतीनं, हे त्याला सांगता आलं नसतं.

दिवेलागणीला गोऱ्यानं लीद टाकली. लिदीत फुगलेले अख्खे हरभरे होते. साळोत्र्यानं ते काठीनं उकलून इनामदारांना दाखवले.

"कोरडी चंदी घातलीय कुणीतरी. वाचला हे नशीब."

इनामदारांनी सगळे गडी अंगणात उभे केले. त्यांच्या हातात चाबूक होता.

"चंदी भिजवायचं काम कुणाचं?"

"माझं, सरकार," आकाराम म्हणाला. "म्या काल सांजच्याला भिजवलीती की. देवाशपथ."

"मग हा हरभरा कुठून आला? आकाशातनं पडला?"

आकारामनं इलाहीकडं पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. घोड्याची दोरी अजून इलाहीच्या हातात होती.

"इलाही, तुला काय ठाऊक आहे?"

"मला काय ठावं, सरकार," इलाही म्हणाला. "घमेल्यात आलं ते म्या घातलं."

आकारामचं तोंड उघडंच राहिलं. तो काही बोलायच्या आत चाबूक त्याच्या पाठीवर बसला. एकदाच बसला, पण सगळ्या गड्यांसमोर. रात्र पडायच्या आत खोली मोकळी करायचा हुकूम झाला.

बाळाबाईनं भांडी पोत्यात भरली. पागेच्या दारात आकाराम इलाहीपुढं येऊन उभा राहिला.

"तुला घोडं चावतंय त्ये बरंच करतंय," तो म्हणाला. चाचा म्हटलं नाही, अहो-जाहो नाही. आणि पावसात नवरा-बायको चालू लागली.

इलाहीला वाटलं होतं, चार दिवसांत विसरायला होईल. झालं नाही. गोरा आठवड्यात उभारीला आला आणि पूर्वीसारखाच लाथा झाडू लागला. आता तट्टंही इलाहीच्याच गळ्यात पडली, कोठीही. रोज संध्याकाळी हरभरा भिजत घालताना त्याला आकारामची चाबूक बसलेली पाठ दिसायची. मेहमुदाला त्यानं एका जेवणाच्या वेळी सगळं सांगितलं. ती ताटावरून उठून गेली आणि दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, "बाळाबाईनं माझ्या दुखण्यात म्हैनाभर माझी चूल बघितलीती."

दुसऱ्या दिवशी सकाळी इलाही इनामदारांपुढं जाऊन उभा राहिला. ते बूट चढवत होते.

"सरकार, ती चंदी म्या घातलीती. कोरडी. आकारामचा काय बी दोष न्हाय."

इनामदारांचा हात बुटाच्या बंदावर थांबला. "कुणाकुणाला सांगितलंस?"

"घरात सांगितलंय."

"बस झालं. आणखी कुणाला सांगू नकोस."

"त्याला परत बोलवा, सरकार. मला काढा."

"मी त्याला सगळ्यांसमोर फोडला, आणि आता चूक झाली म्हणू? मोतद्दारापुढं?" इनामदार उठले. "आणि तुला काढला तर त्या ठाणात शिरणार कोण? तुझा बाप? दसरा होईस्तोवर तू हितंच मरायचंस. चल, नीघ."

इलाहीनं दोन दिवसांची रजा मागितली, ती मिळाली नाही. तरी तो गेला. मलकापूरपर्यंत एका बैलगाडीत बसून आणि पुढं चिखल तुडवत. आकारामची वाडी सापडायला दुसरा दिवस उजाडला. आकाराम लोकांच्या रानात भातलावणीला गेला होता. दारात बाळाबाई होती. भिजून कपाळावर उतरलेल्या पटक्याखालचा चेहरा आधी तिनं ओळखला नाही.

"कोण पावणं?" म्हणाली, आणि ओळखलं तशी उंबऱ्यातच उभी राहिली. बस म्हणाली नाही, पाणी आणलं नाही.

आकाराम चिखलानं माखलेला आला. इलाहीनं उभ्या उभ्याच सांगून टाकलं. आपण काय केलं, का केलं, सरकार काय म्हणाले.

आकारामनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "मला काय सांगतोयस? मला ठावंच हाय. त्या दिशीच ठावं हुतं." त्यानं इलाहीचा डावा खांदा धरला, नेमका जखमेवरच. "हितल्या लोकांस्नी सांग. घोड्याला माराय निघालता म्हणून हाकललं, असं म्हणत्यात मला हितं. म्हशी राखायला बी देत न्हाईत."

मारुतीच्या देवळाच्या पायरीवर पाच-सात माणसं पाऊस उघडायची वाट बघत बसली होती. आकारामनं इलाहीला त्यांच्यापुढं उभं केलं.

इलाहीनं सांगितलं. आवाज लहान निघाला, तेव्हा आकाराम म्हणाला, "मोठ्यानं." त्यानं पुन्हा मोठ्यानं सांगितलं.

"मग तवा का बोलला न्हाईस?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"भ्यालो."

"आनि ह्यानं चाबूक खाल्ला तो?"

म्हातारा इलाहीच्या पायाशी थुंकला. बाकीचे आकारामकडं बघत होते, आणि त्या बघण्यात काहीतरी सैल झालं होतं, ते इलाहीलाही दिसलं.

"झालं तुझं काम," आकाराम म्हणाला. "आता वाटंला लाग. जेवून जा म्हणनार न्हाय मी."

"सरकारनी बोलवलं असतं तर—"

"बोलवलं असतं तरी आलो असतो व्हय? तुझ्या शेजारी उभं ऱ्हायला?"

इलाही दिवसभर उपाशी चालला. कोल्हापुरात पोचला तेव्हा इनामदारांनी त्याला अंगणात उभा करून शिव्या दिल्या आणि पुन्हा कामाला लावला, कारण त्याच्या मागं गोऱ्याच्या ठाणात कुणी पाऊलही टाकलं नव्हतं. घोट्यापर्यंत लीद साचली होती. इलाही फावडं घेऊन आत शिरला. गोऱ्याचे कान मागं गेले.

दसऱ्याला इनामदार गोऱ्यावर बसले खरे, पण ताशांचा आवाज कानावर आला तसा तो मागच्या पायांवर उभा राहिला आणि पुढं जाईना. मानकऱ्यांच्या देखत इनामदारांना उतरावं लागलं. दिवाळीच्या आत त्यांनी तो मिरजेच्या एका व्यापाऱ्याला विकून टाकला. इलाहीला त्याचं बरं वाटलं नाही की वाईट वाटलं नाही. त्या रिकाम्या ठाणात पुढं महिनाभर कुणी जनावर बांधलं नाही.

इलाही पागेतच राहिला. पुढच्या वर्षी उन्हाळ्यात बाजारातून कोंडा घेऊन परतताना त्याला आकाराम दिसला. घोंगड्यांच्या दुकानापुढं उकिडवा बसून तो एक घोंगडं उलटंपालटं करून बघत होता. बाळाबाई शेजारी होती, कडेवर तान्हं मूल.

"आकाराम, बरं हाय न्हवं?" इलाही जवळ जाऊन म्हणाला.

आकारामनं मान वर केली नाही. "ह्येची लोकर गळतीया," तो दुकानदाराला म्हणाला. "दुसरं दाव."

दुकानदार एकदा याच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत होता. बाळाबाईनं मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि पाठ फिरवली. तेव्हा इलाहीनं कोंड्याचं पोतं खांद्यावर सारखं केलं आणि तो गर्दीतून पागेकडं निघाला.