अण्णा पास होतात

डिमेन्शियाच्या रुग्णांसाठीची योजना सुधारली, असं मदत कार्यालयाचं पत्र आलं तेव्हा थोरलीला बरं वाटलं होतं. पूर्वी साहेब घरी येऊन रुग्णाकडे नुसतं बघायचे आणि त्यांना दया येईल तसं ठरवायचे. आता दयेवर काही ठेवलं नव्हतं. तीस गुणांची परीक्षा. अठराच्या खाली गेलात तर रोज चार तास मदतनीस. अठरा किंवा वर असाल तर अभिनंदनाचं पत्र.

थोरलीला ते चार तास हवेच होते. कवळ्या बनवणाऱ्या लॅबमधली तिची सहा महिन्यांची रजा संपत आली होती, आणि मालकाने अर्धवेळ चालेल म्हटलं होतं. पण सोमवारी या, नाहीतर येऊच नका. धाकटा भाऊ परदेशातून दर रविवारी फोन करून "मी काय करू ते सांग" म्हणायचा, आणि ती सांगायला लागली की त्याच्याकडची रेंज जायची.

तिचे वडील, अण्णा, नापास होणार याची मात्र तिला खात्री होती. गेल्याच आठवड्यात त्यांनी फोन समजून इस्त्री कानाला लावली होती. थंड होती, म्हणून कान राहिला. थोरलीला ते 'अहो बाई' म्हणत आणि अधूनमधून विचारत, "तुम्हाला तुमचं घर नाही का?"

साहेब आले. पाहुणा दिसला की अण्णा ताठ बसत, तसे बसले.

"आजोबा, आज वार कोणता?"

"मंगळवार."

वार थोरलीनेच अण्णांच्या समोरच्या फळ्यावर लिहिला होता. त्याखाली तारीख, महिना, ऋतू. कार्यालयाच्या पुस्तिकेत तसं सांगितलं होतं, आणि वर्षभर रोज सकाळी ती अण्णांकडून सगळं घोकून घेत होती, अगदी शंभरातून सात-सात वजा करण्यासकट. पुस्तिका आणि परीक्षा एकाच माणसाने लिहिली असणार, हे तिला आत्ता सुचलं.

"त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट," अण्णा म्हणत होते. "पुढे जाऊ?"

"नको. आता एक घड्याळ काढा. अकरा वाजून दहा मिनिटं."

अण्णांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली होती. त्यांनी रोमन आकडे काढले, सेकंदकाटा काढला आणि कागद परत देताना साहेबांच्या मनगटाकडे बघून म्हणाले, "तुमचं तीन मिनिटं मागे आहे. सेल बदला."

साहेबांनी फोनवर ताडून पाहिलं. तीनच मिनिटं होती.

"सव्वीस," ते म्हणाले. "ठणठणीत आहेत."

"अहो, मी कोण हेसुद्धा त्यांना कळत नाही. विचारून तरी बघा."

"तो प्रश्न फॉर्ममध्ये नाही."

"परवा त्यांनी चहात साबण ढवळला."

"परवा म्हणजे कोणत्या वारी?"

"बुध... नाही, शनिवारी."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "मॅडम, आज वार कोणता?"

फळा तिच्या पाठीमागे होता. "शुक्रवार?" ती म्हणाली. गेल्या सहा महिन्यांत ती सलग तीन तास झोपली नव्हती.

"घरातल्या दुसऱ्या कोणाची शंका आली तर तपासावं लागतं," साहेब नवा फॉर्म काढत म्हणाले. "ही नवीन सुधारणा."

थोरली नाही म्हणणार होती. मग तिच्या डोक्यात आलं, नापास कोणीही होवो, मदतनीस याच दारातून आत येणार. तिने नापास व्हायचं ठरवलं. साहेबांनी लक्षात ठेवायला शब्द दिले: चमचा, पूल, मांजर. जरा वेळाने ते विचारल्यावर तिने मांजर तेवढं सांगितलं. बाकीचे दोन ती मुद्दाम लपवणार होती, पण लपवायला शोधले तर ते सापडेनात. तिने काढलेलं घड्याळ बघून अण्णांनी तोंड फिरवलं.

"अकरा," साहेब म्हणाले. थोरलीने हसू दाबलं. "काळजीवाहक म्हणून घरातल्या सुदृढ माणसाची सही लागेल."

अण्णांनी वळणदार सही ठोकली. "निश्चिंत राहा साहेब. बाईंना मी बघतो."

सोमवारी आठला मदतनीस आली. थोरली पर्स घेऊन तयारच होती. "अण्णांना नऊला नाश्ता, दहाला आंघोळ. बाराच्या आत येतेच मी."

मदतनीसने कागद पाहिला. "माझ्याकडे तुमचं नाव आहे. पेशंटला एकटं बाहेर सोडायचं नाही."

"ते खोटं होतं हो. मी मुद्दाम नापास झाले."

"सगळे असंच म्हणतात."

अण्णांनी कडी लावली आणि दाराला खुर्ची टेकवून बसले. मदतनीस बाई कामाची पक्की होती. तिने थोरलीला गळ्याखाली रुमाल बांधून चमच्याने पेज भरवली, तोंड पुसलं, वेणी घातली. लॅबमधून फोन आला तो तिने बंद करून ठेवला, पेशंटला ताण नको म्हणून. नऊच्या सुमारास खुर्चीखाली ओघळ आला.

"त्यांची पँट ओली झालीय," थोरली म्हणाली.

"त्यांचं माझ्याकडे नाही. ते काळजीवाहक."

मग थोरलीनेच अण्णांना उठवलं, पुसलं, कपडे बदलले. ती घसरू नये म्हणून मदतनीसने पूर्ण वेळ तिचा दंड धरून ठेवला होता.

"हिच्या घरचं कोणी येत नाही का हो?" अण्णांनी मदतनीसला हळूच विचारलं.

"भाऊ आहे म्हणे परदेशात. बाकी तुम्हीच."

अण्णांनी विचार केला. "मी एकटा कुठवर पुरणार? एखाद्या संस्थेत ठेवून टाका बिचारीला."

"बघते विचारून," मदतनीस म्हणाली.

थोरली खाली बसून मोजे चढवत होती. "दुसरा पाय," ती म्हणाली, आणि अण्णांनी तो पुढे केला.