मायचा काऊन

माझा थोरला भाऊ, दादा, नागपूरहून आला की अंगणातल्या नव्या धानाच्या गंधात स्पिरिटचा थंड, परका वास मिसळायचा. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पांढऱ्या उंदरांच्या मेंदूचा इवलासा अंश निकामी करून, ते शिकलेली वाट विसरतात का, हे तो पाहत असे. त्या कामाने त्याची बोटं फार हळुवार झाली होती. भात कालवतानाही कुणाची झोप मोडू नये अशा बेताने ती हलत. बाबांना हा सगळा रिकामटेकडा उद्योग वाटे.

त्या हिवाळ्यात मायला लकवा मारला आणि तिच्या वाणीतून सारे शब्द गळून गेले. उरला एकच, ‘काऊन’, आमच्याकडचा ‘का’. तहान लागली तरी काऊन, ऊन डोळ्यांवर आलं तरी काऊन. ती कारण विचारते असं समजून आम्ही भाबडेपणाने उत्तरं देत बसायचो: गाय का हंबरली, भात का करपला.

“सकाळपासून कारणं सांगून सांगून तोंड दुखून राहिलं माझं,” बाबा कुरकुरले.

“माय विचारून नाही राहिली, बाबा,” दादा म्हणाला. “तिच्याजवळ तेवढाच शब्द उरला.”

मग रजा घेऊन तो घरीच राहिला, आणि त्याला एकच ध्यास लागला: मायच्या तोंडून आपलं नाव एकदा ऐकायचं. नवेगावच्या तलावावर धुकं उजळत, विरत असताना तो तिला काठावर बसवी, तिचा निश्चेष्ट हात हाती घेई आणि “वसंता, वसंता” असं हळू म्हणत राही. दूरदेशीची बदकं पाण्यावर उतरत, प्रकाशाच्या लहरी मायच्या चेहऱ्यावर खेळत, तिचे ओठ थरथरत. आणि येई तो काऊनच. हिवाळा सरत आला तसा दादा खचला. मला त्याची फार कीव यायची.

नागपूरला परत निघायच्या सकाळी वळकटी खांद्यावर घेऊन तो अंगण ओलांडत होता, तेव्हा मागून मायचा आवाज आला, “काऊऽऽन...” मधला स्वर उंच उचललेला, मग हलकेच सोडून दिलेला. लहानपणी तलावाच्या पाळीवर खेळणाऱ्या दादाला ती जेवायला बोलवायची, ती हीच चाल. नाव गेलं होतं, हाक शाबूत होती.

“ओ, माय,” म्हणत दादाने वळकटी खाली ठेवली आणि तिथेच बसून तो रडला.

मेंदूच्या कुठल्या कोपऱ्यात ती हाक वाचली, हे दादा पुढे आयुष्यभर शोधत राहिला. आता हाक मारणारी नाही, ओ देणाराही नाही. तो सूर तेवढा माझ्यात राहिला आहे, आणि माझ्यानंतर त्याने कुठे राहावं, हे मला कळत नाही.